औषधाची पारख आणि संख्याशास्त्रज्ञ

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांतील ते दिवस महाराष्ट्रातील क्वचितच एखादे कुटुंब विसरले असेल. रुग्णालयात खाट मिळवण्यासाठी धावाधाव, प्राणवायूच्या टाकीसाठी धावाधाव आणि त्यातच डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेल्या ‘प्लाझ्मा’साठी रक्तपेढ्यांच्या दारात ताटकळणे. कोरोनातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातील हा द्रव मिळाला तर आपला माणूस वाचेल, या आशेने लोकांनी रात्री-अपरात्री अनोळखी दात्यांची दारे ठोठावली. वस्तुतः या उपचाराने रोग बळावण्याचे टळत नाही, की मृत्यूही टळत नाही, ही गोष्ट तोपर्यंत उजेडात आली होती. आणि ती परदेशात नव्हे, भारतातच उजेडात आली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली देशातील ३९ रुग्णालयांत मध्यम तीव्रतेचा आजार असलेल्या ४६४ रुग्णांवर ही चाचणी घेतली. प्लाझ्मा दिलेल्या २३५ रुग्णांपैकी ४४ जणांचा आजार गंभीर झाला किंवा ते दगावले. न दिलेल्या २२९ पैकी ४१ जणांची तीच गत झाली. म्हणजे शेकडा १९ आणि शेकडा १८. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय उपचारसूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला, तो मात्र मे २०२१ मध्ये.

मधल्या सात महिन्यांचा दोष कोणाच्या माथी मारावा, हा येथे प्रश्न नाही. आकड्यांनी साक्ष दिली होती; ती ऐकण्याची सवय समाजाला नव्हती आणि समाजाला ती ऐकवील असा माणूस रुग्णालयात नव्हता, हा खरा प्रश्न आहे. तो माणूस म्हणजे संख्याशास्त्रज्ञ. औषध संशोधनातील संख्याशास्त्रज्ञाची नोकरी ही आज गणिताची आवड असलेल्या पदवीधरांपुढे आलेली एक चांगली संधी आहे, असे अलीकडे सर्वत्र सांगितले जाते आणि ते खोटे नाही. परंतु तिच्याकडे केवळ पगाराची संधी म्हणून पाहिले, तर तिचे निम्मे मोलही कळणार नाही. या व्यवसायात आकडेमोड असते. पण आकडेमोड हा त्याचा आत्मा नव्हे. औषधाच्या बाजूने किंवा विरुद्ध निःपक्ष साक्ष उभी करणे हा त्याचा आत्मा आहे.

अनुभवाला न दिसणारे मृत्यू

‘इतकी वर्षे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना औषधाचा गुण कळत नाही, तो कागदावर आकडे मांडणाऱ्याला कसा कळणार?’ असा प्रश्न सुशिक्षित माणसेही विचारतात. त्याचे उत्तर अमेरिकेतील एका चाचणीत आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या काही रुग्णांत हृदयाचे ठोके अनियमित पडतात आणि अशा रुग्णांना आकस्मिक मृत्यूचा धोका अधिक असतो. तेव्हा ठोके नियमित करणारे औषध दिले की मृत्यू टळतील, हा तर्क बिनतोड वाटत होता. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ठोक्यांतील अनियमितपणा उत्तम प्रकारे दाबत असत आणि डॉक्टर ती विश्वासाने देत असत. १९८७ साली सुरू झालेल्या चाचणीत निम्म्या रुग्णांना ही औषधे आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. सरासरी दहा महिन्यांनंतर औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ मृत्यू पावले होते आणि नुसती गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. आकड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र मंडळाच्या सल्ल्यावरून १९८९ साली ही औषधे ताबडतोब थांबवण्यात आली.

या हकिगतीतील बोध नीट ध्यानी घेतला पाहिजे. शंभरातले आठ आणि शंभरातले साडेतीन हा फरक कोणत्याही एका डॉक्टरच्या अनुभवाला दिसत नाही. झटका येऊन गेलेला रुग्ण दगावला तर दोष रोगाला दिला जातो आणि वाचला तर श्रेय औषधाला. ठोके नियमित झालेले डॉक्टरांना डोळ्यांनी दिसत होते. मृत्यू वाढलेले दिसत नव्हते. ते दाखवण्यासाठी दीड हजार रुग्ण, दोन सारखे गट आणि ते गट कसे पाडायचे हे आधीच ठरवणारा माणूस लागला. अनुभवाचा येथे अपमान नाही. अनुभवाची मर्यादा आहे.

क्षयरोगाने घडवलेले शास्त्र

ही रीत मुळात शेतातून आली. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी खतांच्या आणि बियाण्यांच्या तुलनेसाठी जमिनीचे वाफे चिठ्ठ्या टाकाव्या तसे यदृच्छेने वाटून देण्याचा मार्ग घालून दिला. तो रुग्णालयात आणला ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी. हिल यांना डॉक्टर व्हायचे होते. पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना त्यांना क्षयाने गाठले आणि वैद्यकाचे शिक्षण सुटले ते कायमचे. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी पत्रद्वारे अर्थशास्त्राची पदवी मिळवली आणि तेथून ते संख्याशास्त्राकडे वळले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध ब्रिटनमध्ये अगदी थोडे उपलब्ध होते. सर्वांना पुरेल इतके ते नव्हतेच. मग कोणाला द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता बंद पाकिटांतील चिठ्ठीवर सोडावे, असे हिल यांनी ठरवले. १९४८ साली निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले. केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. ज्या रोगाने एका तरुणाचे डॉक्टर होणे हिरावून घेतले, त्याच रोगावरच्या औषधाची पारख त्या तरुणाने गणिताने केली. वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रवेश हुकला म्हणून खचून जाणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांनी आणि त्याहून अधिक त्यांच्या पालकांनी हे चरित्र वाचावे असे आहे.

भारताने हा धडा लवकर गिरवला. १९५६ साली मद्रास येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळ यांच्या सहकार्याने क्षयरोग उपचार केंद्र सुरू झाले. क्षयाच्या रुग्णाने घरदार सोडून आरोग्यधामात जाऊन राहावे, चांगली हवा आणि सकस आहार घ्यावा, हीच तेव्हा सर्वमान्य रीत होती. मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आठवणी ज्या घरांत आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मद्रास केंद्राने १९३ रुग्णांचे यदृच्छेने दोन गट पाडले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला शहरातील त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच तीच औषधे दिली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने दाखवले की घरी राहूनही रुग्ण जवळजवळ तितकेच बरे होतात. घरातील माणसांना त्यामुळे अधिक धोका पोहोचत नाही, हेही पुढील पाहणीत दिसून आले. लाखो रुग्णांसाठी आरोग्यधामे बांधणे भारताला कधीच परवडले नसते. त्या केंद्रात डॉक्टरांच्या शेजारी संख्याशास्त्रज्ञ बरोबरीने बसत असत, ही गोष्ट या यशापासून वेगळी काढता येत नाही.

आधी हिशेब, मग रुग्ण

संख्याशास्त्रज्ञाचे काम चाचणी संपल्यावर सुरू होते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. त्याचे सर्वांत मोलाचे काम पहिला रुग्ण दाखल होण्याच्या आधी संपलेले असते. समजा, एखाद्या रोगात शंभरातले वीस रुग्ण दगावतात आणि नवे औषध ते प्रमाण पंधरावर आणील अशी आशा आहे. औषधाला खरोखर गुण असेल तर तो पाचांतून चार वेळा तरी पकडला जावा आणि गुण नसताना निव्वळ योगायोगाने गुण दिसण्याची शक्यता शेकडा पाचाहून अधिक नसावी, एवढी माफक अपेक्षा ठेवली तरी प्रत्येक गटात सुमारे ९०० रुग्ण लागतात. कोणी पन्नास-पन्नास रुग्ण घेऊन हीच चाचणी केली, तर एका गटात दहा आणि दुसऱ्यात सात-आठ मृत्यू दिसतील आणि त्यावरून काहीच सिद्ध होणार नाही. शंभर माणसांनी आपले शरीर धोक्यात घातले आणि त्या बदल्यात जगाला काहीही कळले नाही, असा त्याचा अर्थ. हा केवळ गणिताचा दोष नव्हे. ती नीतीची चूक आहे.

त्यानंतर येते गटांची यदृच्छेने वाटणी, जिची यादी डॉक्टरांपासूनही गुप्त राखावी लागते. नाही तर अधिक धट्टेकट्टे रुग्ण नकळत नव्या औषधाच्या वाट्याला जातात. मग येतो विश्लेषणाचा आराखडा. कोणती गोष्ट मोजून यशापयश ठरवायचे, मधेच औषध सोडून गेलेल्या रुग्णाला कोणत्या गटात धरायचे, हे सारे निकाल हाती येण्यापूर्वी लिहून ठेवावे लागते. हा आग्रह विद्यार्थ्यांना कर्मकांडासारखा वाटतो. पण तो नसेल तर काय होते याचे १९८८ मधील उदाहरण मोठे मार्मिक आहे. हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिन द्यावे की नाही हे ठरवणाऱ्या एका चाचणीत १७,१८७ रुग्ण होते आणि ॲस्पिरिनने प्राण वाचतात हे तिने निर्विवाद दाखवले. तथापि वय, लिंग, जुने आजार अशा अनेक पोटगटांचे निकाल वेगवेगळे द्यावेत, अशी मागणी झाली. संशोधकांनी ते दिले, पण सोबत रुग्णांच्या राशींचाही तक्ता छापला! मिथुन आणि तूळ या राशींच्या रुग्णांना ॲस्पिरिन किंचित बाधते आणि बाकीच्या राशींना उत्तम मानवते, असे त्या तक्त्यावरून दिसत होते. पाश्चात्त्य पद्धतीच्या राशी होत्या, पण पंचांग पाहणाऱ्या आपल्या समाजाला हा विनोद समजावून सांगण्याची गरज नाही. पुरेसे पोटगट पाडले की कोठे ना कोठे चमत्कार दिसतोच. वीस ठिकाणी शोध घेतला तर त्यांतल्या एका तरी ठिकाणी नसलेला गुण आढळण्याची शक्यता शेकडा ६४ असते. औषध विकणाऱ्याला तेवढा एक चमत्कार पुरतो. तो छापू न देणे हे संख्याशास्त्रज्ञाचे कर्तव्य असते.

नोकरी आणि व्यवसाय

या माणसाला बाजारात किंमत आली ती कायद्यामुळे. थॅलिडोमाइड या औषधाने युरोपात हजारो अर्भके व्यंग घेऊन जन्माला आल्यानंतर अमेरिकेने १९६२ साली कायदा बदलला आणि औषध केवळ निर्धोक नव्हे, तर गुणकारीही आहे हे नियंत्रित चाचण्यांनी सिद्ध करण्याची सक्ती औषध कंपन्यांवर केली. १९९८ साली अमेरिका, युरोप आणि जपान यांच्या औषध नियंत्रकांनी मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, चाचणीतील संख्याशास्त्रीय कामाची जबाबदारी योग्य शिक्षण आणि अनुभव असलेल्या संख्याशास्त्रज्ञावरच असावी, असे म्हटले आहे. अमेरिकेचे औषध प्रशासन तर कंपनीने दिलेल्या सारांशावर न थांबता प्रत्येक रुग्णाची माहिती मागवते आणि स्वतःच्या संख्याशास्त्रज्ञांकडून हिशेब पुन्हा करून घेते. साहजिकच कंपन्यांना आणि त्यांच्यासाठी चाचण्या चालवणाऱ्या संस्थांना संख्याशास्त्रज्ञ लागतात, आणि हे काम मोठ्या प्रमाणावर मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर या शहरांत आले आहे. सायरस मेहता आणि नितीन पटेल या भारतीय वंशाच्या संशोधकांनी १९८७ साली अमेरिकेत स्थापन केलेल्या सायटेल या कंपनीचे काम पुण्यातूनही चालते.

महाराष्ट्राला या विद्येची परंपरा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग सुखात्मे यांनी नमुना पाहणीच्या शास्त्रात आणि पोषणाच्या प्रश्नात जागतिक कीर्ती मिळवली. कोल्हापूरचे वसंतराव हुजूरबाजार यांनी १९५३ साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला. आज मुंबई, पुणे, कोल्हापूर येथील विद्यापीठांतून या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. देवनार येथील लोकसंख्या विज्ञान संस्थेत आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात जीवसंख्याशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. म्हणजे दार उघडे आहे.

परंतु दारातून आत गेलेल्या तरुणाच्या वाट्याला पहिली काही वर्षे बहुधा येते ते परदेशात आखलेल्या चाचणीचे तक्ते संगणकावर तयार करण्याचे काम. आराखडा दुसऱ्याचा, प्रश्न दुसऱ्याचा. येथे फक्त आज्ञावली लिहायची आणि रकाने तपासायचे. उमेदवारी म्हणून हे काम वाईट नाही. त्यातून शिस्त अंगी बाणते आणि पगारही बरा मिळतो. पण त्यातच आयुष्य गेले तर संख्याशास्त्राची उच्च पदवी घेऊन सुबक अक्षराचा कारकून झाल्यासारखे होईल. शिवाय तक्ते तयार करण्याचे काम यंत्रे दिवसेंदिवस अधिकाधिक आपल्याकडे घेत आहेत. कोणता प्रश्न विचारावा, किती रुग्ण घ्यावेत, चाचणी केव्हा थांबवावी आणि मालकाला न रुचणारा निष्कर्ष कसा ठामपणे मांडावा, हे मात्र यंत्राच्या हाती सोपवता येणार नाही. यास्तव या क्षेत्रात जाणाऱ्याने संगणकाच्या भाषेइतकीच रोगाची भाषा शिकावी, डॉक्टरांशी बोलण्याची सवय करावी आणि ‘नाही’ म्हणण्याची हिंमत कमवावी. जो गुण औषधात नाही तो आकड्यांत दाखवून देणारा संख्याशास्त्रज्ञ आणि खोटी साक्ष देणारा साक्षीदार यांत फरक नाही.

रुग्णालयातील रिकामी खुर्ची

कंपन्यांना कायद्याच्या धाकाने जे उमगले, ते आपल्या सार्वजनिक संस्थांना उमगलेले नाही. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनुसार प्रत्येक चाचणीला नीतिसमितीची संमती लागते. या समितीत किमान सात सदस्य असावेत, त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री आणि एक कायदेतज्ज्ञ असावा, तसेच समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ, नीतिशास्त्रज्ञ किंवा धर्मशास्त्रवेत्ता यांपैकी एक असावा, असे नियम सांगतात. हे सर्व योग्यच आहे. पण या यादीत संख्याशास्त्रज्ञाचे नाव नाही. चाचणी नीतीला धरून आहे की नाही, याचा विचार धर्मशास्त्रवेत्ता करू शकतो. परंतु शंभर रुग्णांची ही चाचणी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देऊ शकणार नाही, एवढे साधे सत्य सांगणारा कोणी तेथे असेलच याची हमी नाही.

वैद्यकीय महाविद्यालयांतील चित्र याहून निराळे नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. रुग्ण किती घ्यायचे, हे पुष्कळदा मुदतीत जितके मिळतील तितके, याच न्यायाने ठरते; आणि सर्व माहिती गोळा झाल्यावर, प्रबंध सादर करण्यास थोडे दिवस उरले असता, विद्यार्थी तक्त्यांचे बाड घेऊन संख्याशास्त्रज्ञाचा शोध करू लागतो. फिशर १९३८ साली कलकत्त्यास भारतीय संख्याशास्त्र परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे शवविच्छेदनाला बोलावण्यासारखे आहे. प्रयोग कशाने मेला एवढेच तो सांगू शकेल, अशा आशयाचे उद्गार त्यांनी त्या भाषणात काढले. हा इशारा भारताच्या भूमीवर दिला गेला, त्याला आठ दशकांहून अधिक काळ लोटला. शवविच्छेदने मात्र चालूच आहेत.

उपाय अवघड नाहीत. नीतिसमितीच्या रचनेत संख्याशास्त्रज्ञाचा नावानिशी समावेश करणारी दुरुस्ती नियमांत व्हावी. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्रज्ञाचे एखादे दुर्लक्षित पद न ठेवता दोन-तीन जणांचे पथक असावे, आणि त्यांना बढतीची वाट व अध्यापकाचा दर्जा मिळावा. अन्यथा हुशार माणूस कंपनीकडे जाणार आणि त्याला दोष देता येणार नाही. प्रबंधाचा आराखडा संख्याशास्त्रज्ञाच्या संमतीशिवाय मंजूर होऊ नये. विद्यापीठांनीही आपल्या भिंतीत एक दार पाडावे. एकाच शहरात विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असताना, पदव्युत्तर विद्यार्थ्याने सहा महिने रुग्णालयात बसून एका खऱ्या चाचणीचा आराखडा लिहावा, ही व्यवस्था करण्यास पैशापेक्षा इच्छाशक्तीच अधिक लागेल.

पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. निरुपयोगी औषधांवर घरे धुऊन निघतात आणि सरकारी तिजोरीही रिती होते, तो पैसा कोठून येतो, हाही प्रश्न मग विचारला पाहिजे. मद्रासच्या १९३ रुग्णांनी देशाचा आरोग्यधामांवरचा अपार खर्च वाचवला. प्लाझ्माच्या चाचणीतील ४६४ रुग्णांनीही तसेच काही देऊ केले होते. ते घेण्यास कोणी पुढे आले नाही. पुढची साथ येईल तेव्हा पुन्हा एखादे औषध चिठ्ठीवर लिहिले जाईल, पुन्हा माणसे रात्री-अपरात्री धावत सुटतील. त्या वेळी त्या रुग्णालयातील एका खुर्चीवर आकड्यांची साक्ष वाचणारा आणि ती निर्भयपणे सांगणारा पदवीधर बसलेला असेल काय, हे आज वर्गांतून संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना आपण कोणती वाट दाखवतो, यावर अवलंबून आहे.